धागा : युनियन जॅकखाली झाकले गेलेले ब्रिटपॉप

१४ ऑगस्ट १९९५. सोमवार. त्या दिवशी ब्रिटनच्या दुकानांत दोन गाणी एकाच वेळी विक्रीला आली : ब्लरचे ‘कंट्री हाऊस’ आणि ओएसिसचे ‘रोल विथ इट’. एक वाद्यवृंद लंडनचा, दुसरा मँचेस्टरचा. एक मध्यमवर्गीय म्हणून ओळखला जाणारा, दुसरा कामगार वस्तीतला. वृत्तपत्रांना याहून अधिक काय हवे होते? उत्तर विरुद्ध दक्षिण, श्रमिक विरुद्ध सुखवस्तू, असा जणू यादवीचाच रंग त्या आठवड्याला चढला. दूरचित्रवाणीच्या मुख्य बातम्यांत त्याची दखल घेतली गेली. आठवड्याअखेर आकडे आले : ब्लर सुमारे २ लाख ७४ हजार प्रती, ओएसिस सुमारे २ लाख १६ हजार.

ब्रिटपॉपचा जो इतिहास आज सर्वत्र सांगितला जातो, तो या लढाईभोवती रचलेला आहे. १९९४ मध्ये ‘पार्कलाइफ’ आणि ‘डेफिनेटली मेबी’, १९९५ मध्ये ही लढाई, ऑगस्ट १९९६ मध्ये नेबवर्थच्या मैदानावर दोन रात्रींत अडीच लाख श्रोते, मे १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांचा विजय, जुलैअखेर १० डाउनिंग स्ट्रीटच्या मेजवानीत हाती पेला घेतलेला नोएल गॅलाघर, आणि ऑगस्टमध्ये ओएसिसच्या ‘बी हिअर नाऊ’ने झालेला अपेक्षाभंग. उदय, शिखर, अस्त. कथा इतकी सुबक आहे की इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिच्याविषयी संशय यावा.

विजेते इतिहास लिहितात हे वाक्य घासून गुळगुळीत झाले आहे; येथे तर हरलेलाही विजेताच होता. त्या दोघांच्या भांडणात जे उभेच नव्हते, त्यांची नोंद कोठे आहे?

आधी साधनांविषयी थोडे. बखरीतील सैन्यसंख्या कोणी जशीच्या तशी स्वीकारत नाही. विक्रीच्या तक्त्याला मात्र शिलालेखाचा मान मिळतो. वस्तुतः तो तक्ता मोजायचा काय, तर एका आठवड्यात किती प्रती खपल्या. ‘कंट्री हाऊस’ दोन वेगवेगळ्या सीडींवर, निरनिराळ्या जोडगाण्यांसह विकले गेले, त्यामुळे निष्ठावान चाहत्याने दोन्ही घेतल्या तर खपही दोनदा धरला जाई. ही लबाडी नव्हती, सर्वमान्य व्यापारी रीत होती. पण जो अल्बम दहा वर्षे हळूहळू एका हातातून दुसऱ्या हातात जातो, त्याच्यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. पुढे ज्या तबकड्यांविषयी लिहिले आहे त्या बहुतांशी याच रकान्याबाहेरच्या आहेत.

त्यांतली पहिली खरे तर ब्रिटपॉप हा शब्द रूढ होण्यापूर्वीची. १९९२ सालचे डेनिम या वाद्यवृंदाचे ‘बॅक इन डेनिम’. त्याचा कर्ता लॉरेन्स. आडनाव तो लावत नाही. ऐंशीच्या दशकात त्याने फेल्ट नावाचा वाद्यवृंद चालवला, दहा वर्षांत दहा अल्बम काढले आणि ठरल्याप्रमाणे तो बंद केला. त्यानंतर त्याने ठरवले की सत्तरच्या दशकाकडे परतायचे. पण स्मरणरंजन ज्याला म्हणतात ते या तबकडीत शोधणाऱ्याला ठेच लागते. तिच्यात ‘द ऑझमंड्स’ नावाचे एक लांबलचक गाणे आहे. त्या दशकातील पोशाख, खेळणी, गायक यांची यादी एखाद्या लहान मुलाच्या आवाजात चालू असते, आणि त्याच सपाट सुरात बर्मिंगहॅममधील बाँबस्फोट येतात. २१ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री त्या शहरातील दोन मद्यगृहांत स्फोट होऊन २१ जण मेले. सहा आयरिश पुरुषांना त्यासाठी जन्मठेप झाली. ते निर्दोष होते हे मान्य होऊन सुटायला मार्च १९९१ उजाडला. म्हणजे हे गाणे निघाले तेव्हा ती जखम नुकतीच पुन्हा उघडलेली होती. पुढे ब्रिटपॉपने साठ-सत्तरचा काळ जाहिरातीसारखा चकचकीत करून वापरला. लॉरेन्सने तो आधीच, त्यातल्या रक्तासकट, मांडून ठेवला होता. कोणी फारसे विकत घेतले नाही.

दुसरा उपेक्षित मात्र काहीसा स्वतःच्या जिभेमुळे उपेक्षित राहिला. ल्यूक हेन्स आणि त्याचा वाद्यवृंद द ऑटर्स. १९९३ सालच्या मर्क्युरी पारितोषिकात त्यांचा ‘न्यू वेव्ह’ स्वेडच्या पहिल्या अल्बमकडून केवळ एका मताने हरला असे सांगितले जाते. पुढच्या वर्षी स्पेनमधील दौऱ्यात हेन्सने एका भिंतीवरून उडी टाकली आणि दोन्ही घोटे मोडून घेतले. चाकांच्या खुर्चीत बसून लिहिलेल्या गाण्यांतून ‘आफ्टर मर्डर पार्क’ (१९९६) आकाराला आला. ध्वनिमुद्रण कोठे, तर ॲबी रोडवर, म्हणजे बीटल्सच्या घरात. आणि ते करणारा स्टीव्ह अल्बिनी, ज्याने तीन वर्षांपूर्वी निर्वाणाचा ‘इन यूटेरो’ मुद्रित केला होता. ज्या काळात सगळे इंग्रज गायक बीटल्सच्या सोनेरी उन्हात उभे राहण्यासाठी धडपडत होते, त्या काळात त्याच वास्तूत बसून हेन्स न उलगडलेल्या बालहत्येवर दोन-अडीच मिनिटांचे, अतिशय गोड चालीचे गाणे गातो. अंगावर काटा येतो तो त्या गोडव्यामुळे.

इतिहासप्रेमींनी मात्र हेन्सचा त्याच वर्षीचा दुसरा अल्बम आधी ऐकावा. त्याचे नाव ‘बाडर माइनहोफ’. विषय पश्चिम जर्मनीतील त्याच नावाची सशस्त्र डावी संघटना. जेमतेम अर्ध्या तासाची तबकडी. फंकची लय, तंतुवाद्ये, मध्येच तबला. एका गाण्याच्या मुळाशी १९६८ साली फ्रँकफर्टमधील मोठ्या दुकानांना लावलेली आग आहे. दुसऱ्याचे नाव ‘मोगादिशू’. ऑक्टोबर १९७७ मध्ये लुफ्थान्साचे विमान पळवून दुबई, एडन असे भटकवत सोमालियाच्या त्या राजधानीत नेण्यात आले आणि जर्मन कमांडोंनी तेथे ओलिसांची सुटका केली, तो हा प्रसंग. अल्बम दहशतवादाची आरती ओवाळत नाही आणि निषेधाचे व्याख्यानही देत नाही. हिंसेला चिकटलेली मोहिनी तो नुसती ऐकवतो, म्हणून तो अस्वस्थ करतो. नेबवर्थच्या वर्षी ब्रिटनमध्ये असेही काही निर्माण होत होते, हे पाठ्यकथेत कोठेच येत नाही.

आता त्या निशाणाकडे वळू.

‘सिलेक्ट’ या संगीतविषयक मासिकाचा एप्रिल १९९३ चा अंक ब्रिटपॉपचा जन्मदाखला मानला जातो. मुखपृष्ठावर स्वेडचा ब्रेट अँडरसन, त्याच्यामागे युनियन जॅक, आणि अमेरिकनांना घरी पाठवणारा मथळा. शत्रू होते अमेरिकन ग्रंज संगीत; सगळा मामला अर्धा विनोदाचा. पण दिनदर्शिका विनोद करत नाही. त्याच महिन्याच्या २२ तारखेला आग्नेय लंडनमधील एल्थममध्ये बसची वाट पाहत असलेल्या स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या तरुणांच्या टोळीने भोसकून ठार केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पूर्व लंडनमधील मिलवॉलच्या पोटनिवडणुकीत वर्णद्वेषी ब्रिटिश नॅशनल पार्टीचा उमेदवार नगरसेवक म्हणून निवडून आला. निशाण एकच, मासिकाच्या मुखपृष्ठावर ते फॅशन होते आणि काही गल्ल्यांत ते दिसले की माणसे रस्ता बदलत.

या दोन वापरांमधील अंतर ज्यांना रोज चालावे लागत होते, त्यांतली एक सोन्या ऑरोरा मदान. जन्म दिल्लीचा, वाढ इंग्लंडमधली. तिचा वाद्यवृंद एकोबेली. गिटारवर स्वीडनहून आलेला ग्लेन योहानसन आणि कृष्णवर्णीय डेबी स्मिथ. १९९४ सालच्या पहिल्या अल्बमचे नाव ‘एव्हरीवन्स गॉट वन’. इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की ‘इगो’. हा देश माझाही आहे, अशा अर्थाचे शब्द युनियन जॅकवर लिहिलेला टी-शर्ट मदान घालत असे. तिच्या गाण्यांत शिवीगाळ सोसणारी मुलगी येते, आईबापांनी मांडलेला लग्नाचा हिशेब नाकारणारी मुलगी येते. समीक्षकांनी मात्र तिची तुलना वारंवार केली ती मॉरिसीच्या गायनशैलीशी. तुलना स्वरापुरती खोटी नव्हती. पण त्यातला उपरोध पुढच्या गोष्टीशिवाय कळणार नाही.

ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमधील एका मैफलीत मॉरिसी युनियन जॅक अंगाभोवती गुंडाळून रंगमंचावर वावरला. मागे पडद्यावर स्किनहेड मुलींचे छायाचित्र. ज्यांनी रस्त्यात स्किनहेड टोळ्यांचा मार खाल्ला होता त्यांना तो अभिनय वाटला नाही. लेस्टरमध्ये नुकत्याच स्थापन झालेल्या एका अननुभवी वाद्यवृंदाने मॉरिसीचे छायाचित्र जाहीरपणे जाळले. त्या वाद्यवृंदाचे नाव कॉर्नरशॉप. ब्रिटनमध्ये कोपऱ्यावरचे वाणसामानाचे दुकान म्हणजे तेथे गल्ल्यावर भारतीय किंवा पाकिस्तानी माणूस बसलेला असणार, हा साचा रूढ होता. नावात तोच साचा उचलून त्यांनी पाटीसारखा दारावर लावला.

या वाद्यवृंदाचा प्रमुख तजिंदर सिंग, मूळचा वुल्व्हरहॅम्प्टनचा. या गावाचे नाव वंशसंबंधांच्या इतिहासात दोनदा येते, आणि दोन्ही नोंदी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. १९६७ पासून तेथील बससेवेतील शीख चालक पगडी आणि दाढीसह काम करण्याच्या हक्कासाठी झगडत होते. गावाच्या नैर्ऋत्य मतदारसंघाचे खासदार इनॉक पॉवेल यांनी २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध जे कुप्रसिद्ध भाषण केले, त्यात या शीख चळवळीचाही उल्लेख होता. पॉवेल यांना पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातून काढण्यात आले. आणि एप्रिल १९६९ मध्ये बस समितीने पगडीवरील बंदी उठवली. अशा गावातला मुलगा गिटार हाती घेतो तेव्हा ब्रिटिशपणा त्याच्यासाठी टी-शर्टावरचे चित्र असू शकत नाही.

कॉर्नरशॉपचा १९९५ चा अल्बम ‘वुमन्स गॉटा हॅव इट’ ही या संपूर्ण धाग्यातील सर्वांत आग्रहाची शिफारस आहे. ज्या वर्षी ब्लर आणि ओएसिस यांचे युद्ध चालले होते, त्या वर्षी ही तबकडी पंजाबीत सुरू होत होती. पहिल्या गाण्याच्या नावात पहाटेचे सहा वाजलेले आहेत आणि जालंधर आहे. शेवटी तेच गाणे परतते तेव्हा घड्याळात सात वाजून वीस मिनिटे झालेली असतात. मधल्या वेळात गिटारचा एकसुरी घोष, सतार, ढोलक, रस्त्यावरचा कोलाहल. चाल अशी म्हणावी तर एकच, पण ती गुरुद्वारातल्या पहाटेसारखी हळूहळू भरत जाते. भाषांतर नाही, तळटीप नाही. पंजाबी न येणाऱ्या इंग्रज श्रोत्याने काय करावे? जे जगभरच्या श्रोत्यांनी बीटल्स ऐकताना केले तेच.

दोन वर्षांनी आलेल्या ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ या अल्बमला उपेक्षित म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण त्यात ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ आहे. पण त्या गाण्याचे नशीबच मुळी उद्बोधक आहे. १९९७ मध्ये ते मूळ रूपात ब्रिटिश तक्त्यात साठाव्या क्रमांकावर अडकले. जॉन पील यांच्या आकाशवाणी कार्यक्रमाच्या श्रोत्यांनी मात्र त्याला वर्षातील सर्वोत्तम गाणे ठरवले. मग नॉर्मन कुकने त्याची गती वाढवली, सूर चढवला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. लक्षावधी लोक ज्या आशेच्या नावाने नाचले ती कोण, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते.

मराठी वाचकाला ते सांगावे लागत नाही. मंगेशीहून निघालेले मास्टर दीनानाथ बळवंत संगीत मंडळी घेऊन सांगलीत राहत असताना १९३३ साली जन्मलेली त्यांची मुलगी, आशा. गाण्यात लता आणि रफी यांचीही नावे येतात. पडद्यावर ओठ दुसऱ्याचे आणि गळा दुसऱ्याचा, ही पार्श्वगायनाची रीत आणि ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवरचे प्रेम, ही या गाण्याची खरी सामग्री. नावातील शब्दखेळही इंग्रज श्रोत्याला अर्धाच पोहोचला असणार : काठोकाठ भरलेली आशा ही व्यक्तीही आहे आणि भावनाही. परक्या देशात वाढणाऱ्या मुलांच्या घरात चित्रपटगीतांनी भाषा, सण आणि नाती टिकवून धरली, हे समाजशास्त्राच्या ग्रंथाने शंभर पानांत सांगितले असते. मूळ, संथ रूपच ऐकावे; कुकच्या घाईत त्यातला जिव्हाळा निसटतो, असे स्पष्ट मत नोंदवण्यास हरकत नसावी.

याच अल्बमच्या शेवटी बीटल्सचे ‘नॉर्वेजियन वूड’ पंजाबीत गायले आहे. १९६५ साली जॉर्ज हॅरिसनने त्या गाण्यात सतार वाजवली होती. सतार पूर्वेकडून घेतली गेली होती. बत्तीस वर्षांनी गाणेच पूर्वेच्या भाषेत परत आले. ऑगस्ट १९९५ च्या युद्धातील दोन्ही पक्ष बीटल्सच्या वारशावर हक्क सांगत होते. तो वारसा सर्वांत निवांतपणे हाताळला तो वुल्व्हरहॅम्प्टनच्या या शिखाने.

आणखी दोन नावे ओझरती. द बू रॅडलीज हे ओएसिसच्याच क्रिएशन कंपनीचे. १९९५ मध्ये ‘वेक अप!’ने त्यांना पहिला क्रमांक मिळवून दिला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘कमॉन किड्स’ हा इतका खडबडीत, कर्कश अल्बम काढला की नवे श्रोते पांगले. मुद्दाम केले काय, असे त्यांना विचारले गेले. त्यांनी ते नाकारले. पहिली काही मिनिटे दात-ओठ खाऊन काढावीत, मग तो उलगडतो. आणि संडरलंडच्या केनिकीचा ‘ॲट द क्लब’ (१९९७) : शनिवारी रात्री नटूनथटून बाहेर पडणाऱ्या मुलींचे जग, मुलींच्याच तोंडून, हजरजबाबी आणि आतून किंचित उदास.

१९९७ चा उन्हाळा पुन्हा लॉरेन्सपाशी आणतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मोठी कंपनी त्याच्यामागे उभी होती. ‘समर स्मॅश’ नावाचे हलकेफुलके गाणे तयार होते, प्रती छापून झाल्या होत्या. ३१ ऑगस्टच्या पहाटे पॅरिसमध्ये राजकन्या डायाना मोटार अपघातात मृत्युमुखी पडली. शीर्षकातला ‘स्मॅश’ हा शब्द त्या सप्ताहात कोणाला उच्चारणे शक्य नव्हते. कंपनीने गाणे मागे घेतले आणि डेनिमची कथा तेथेच संपली. ‘बी हिअर नाऊ’ बाजारात येऊन तेव्हा अवघे दहा दिवस झाले होते. ब्रिटपॉपचा अंत कशाने झाला याविषयी पाने भरभरून लिहिले गेले आहे. एका माणसापुरता तो एका शब्दाने झाला.

आणि ‘ब्रिट’ या अर्ध्या शब्दाविषयी. ब्रिटपॉपचे बहुतेक ब्रिटन प्रत्यक्षात इंग्लंड होते, किंबहुना लंडनचा कॅम्डन भाग आणि मँचेस्टर. वेल्समधील कारमार्थन गावच्या वेल्श माध्यमाच्या शाळेत जुळलेल्या मुलांनी गॉर्कीज झायगॉटिक मंकी असे अशक्य नाव धारण करून जो ‘बाराफंडल’ एप्रिल १९९७ मध्ये काढला, तो या यादीतील सर्वांत कोमल अल्बम. नाव पेम्ब्रुकशरच्या एका समुद्रकाठाचे. युरोस चाइल्ड्सचा हलका, थोडा थरथरता आवाज, त्याच्या बहिणीचे व्हायोलिन, मध्ययुगीन वळणाच्या चाली. गाणी कधी वेल्श, कधी इंग्रजी. ‘पॅटिओ साँग’ तर एकाच गाण्यात एका भाषेतून दुसरीत शिरते, जसे दोन भाषांच्या घरात बोलणे शिरते. त्यात घोषणा नाही, अस्मितेचा आव नाही. आपली भाषा जपण्यासाठी आवाज चढवावाच लागतो असे मानणाऱ्यांनी हा अल्बम जरूर ऐकावा. या वाद्यवृंदाचे एकही गाणे ब्रिटिश तक्त्यात पहिल्या चाळिसांत कधी पोहोचले नाही.

‘बाराफंडल’ येऊन पाच महिने झाले असताना, १८ सप्टेंबर १९९७ रोजी, वेल्सला स्वतःची विधिसभा असावी की नाही यावर सार्वमत झाले. रात्रभर मोजणी चालली आणि ‘नाही’चे पारडे जड राहिले. पहाटे एकाच परगण्याचा निकाल उरला होता, कारमार्थनशर. तो जाहीर झाला आणि ६,७२१ मतांनी वेल्सने ‘होय’ म्हटले.